मी नाही ऐकत, आई लावते

धाराशिव, ६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

जय भीम.

तुम्ही फोन उचलत नाही. अकरा वेळा केला. शेवटी गावी, ईटला, बाबांना विचारलं, तर म्हणाले, "वर्षाआक्का अणदूरला गेली, त्या रेडिओवर येणाऱ्या इरम्माकडं. फोन बंदच ठेवती म्हणं. बोलायचं असंल तर कागद लिही." म्हणून हा कागद. दर गुरुवारी रेडिओवर 'तुमचा कागद मिळाला' म्हणत सगळ्या मुलखाची पत्रं वाचायचात, आता माझंही एक वाचा.

संस्थेनं रेडिओ माळरान बंद केला आणि अकरा वर्षं तुम्ही ज्या माईकसमोर बसलात तो एका मीटिंगमध्ये गेला, याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण त्याचं खापर माझ्या अहवालावर फोडू नका. 'विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या माध्यम-सवयी' हा एम.ए.चा साधा प्रबंध आहे. दीडशे मुलामुलींना विचारलं, आकाशवाणी, दूरदर्शन, केबल, मोबाइलवरचे ॲप, काय काय बघता-ऐकता? माळरान ऐकणारे निघाले दोन टक्के. आता पोरं ऐकतच नाहीत तर मी काय त्यांच्या कानात रेडिओ कोंबू? आमच्या खोलीत आम्ही चौघी आहोत आणि चौघींत मिळून एक पासवर्ड आहे, तोही जाईच्या मामेभावाचा. तो सिनेमा लावून बसला की आम्हाला बाहेर काढतो. तरी आम्ही त्यालाच चिकटून आहोत. जमाना असा आहे, त्याला मी काय करणार?

शांतलिंग सरांना अहवाल लई आवडला. त्यांनीच तो आण्णासाहेबांकडं, म्हणजे तुमच्या संस्थेच्या सचिवांकडं पाठवला, मी नाही. जूनपासून विभागात प्रकल्प सहायक म्हणून मला घ्यायचं म्हणतायत. बाबा खूश आहेत.

तुमचा आवाज मात्र रोज ऐकते. घंटागाडीसाठी तीन वर्षांपूर्वी रेकॉर्ड करून दिला होता ना, तो अजून चालू आहे. सकाळी सव्वासातला गाडी होस्टेलखाली येते. "ताई, दादा, मावशी, ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात." जाई म्हणते, "प्रीती, तुझी आत्या आली बघ." मी खिडकी लावून घेते. थंडी असते ना.

तब्येतीला जपा.

तुमची,
प्रीती


१७ जानेवारी

आत्या,

कार्ड मिळालं. मेसमध्ये पोहे खाताना वाचलं आणि ताट तसंच ठेवून उठले. तुझंच तुला परत लिहून पाठवते, म्हणजे मला कसं लागलं ते कळेल:

"चि. प्रीती, जय भीम. मी 'तुम्ही' कधीपासून झाले गं? तू मोजलंस ते बरोबरच केलंस. आकडा खरा हाय तर रुसून काय करायचं. अकरा वर्षं भिंतीशी बोलले म्हणायचं, दुसरं काय. अभ्यास कर. स्वेटर घाल."

शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. स्वेटर घाल म्हणतेस!

मी मागच्या पत्रात 'तुम्ही' का लिहिलं ते मलाही कळलं नव्हतं. जन्मात तुला कधी अहो-जाहो केलं नाही. अकरावीपासून पाच वर्षं तुझ्या सांजा रोडच्या दोन खोल्यांत राहिले, तुझ्या ताटात जेवले. 'तू' म्हटलं की समोर तू दिसतेस, आणि तू दिसलीस की लिहिता येत नाही, एवढंच कारण असावं.

एक सांगायचं राहिलंय. दीडशे फॉर्ममधले काही मी स्वतः भरलेत. म्हणजे मुलं भेटली नाहीत, दिवाळीच्या सुट्ट्या लागत होत्या, तारीख जवळ आली होती. चाळीसेक असतील. तसं बघितलं तर सगळेच करतात. आमच्या वर्गातल्या शौनकनं तर अख्खं गाव न बघता गावाचा अभ्यास लिहिला. आणि चाळीसनं निकालात काही फरक पडला नसता, म्हणून तेव्हा बोलले नाही.

भिंतीशी बोललीस असं म्हणू नकोस. एवढंच सांगायला लिहिलं.

प्रीती


२ फेब्रुवारी

आत्या,

यावेळी तुझं उत्तर आलं नाही. चाळीसवर विश्वास बसला नसणार. माझ्या पोटात काय आहे ते तुला फोनवरच्या 'हॅलो'वरून कळायचं, कागदावरूनही कळलं असणार.

चाळीस नव्हते. एकशे एक्केचाळीस होते. खरे फक्त नऊ.

सांगते सगळं. ऑक्टोबरात सरांनी फॉर्म छापून दिले. रोज ठरवायचे, उद्या कॉलेजांच्या गेटवर उभी राहीन. आणि रोज एक मालिका बघत बसायचे, मोबाइलवर, आठ भागांची. एक पोलिसीण असते, खोटे पुरावे शोधून काढण्यात हुशार. लोकांच्या मुस्काटात पुरावे मारते. मी टाळ्या वाजवत होते! आठवा भाग संपला तेव्हा तारखेला दोन दिवस उरले होते. शनिवारी आमच्या मजल्यावरच्या नऊ जणींचे फॉर्म झाले. रविवारी दुपारी मेसच्या टेबलावर तीन पेनं घेऊन बसले, निळं, काळं आणि एक जेलचं. अक्षर सारखं दिसू नये म्हणून पन्नासेक डाव्या हातानं भरले. गावं टाकली उपळा, शिंगोली, सांजा, जी आठवतील ती. वयं टाकली. एका मुलाला तर मी कुस्तीची आवडही दिली. मावशी पोळ्या लाटताना म्हणाल्या, "लई अभ्यास करती बाई ही पोरगी." मी हो म्हटलं.

आणि दोन टक्के कुठून आले ते ऐक. माळरानसमोर सगळ्यांचं 'कधीच नाही' लिहिलं असतं तर सरांना शंका आली असती. म्हणून तीन फॉर्मांवर 'कधीकधी' लिहिलं, त्यातले दोन डाव्या हातानं. दीडशेत तीन म्हणजे दोन टक्के. तुझी अकरा वर्षं मी अशी बसवली.

मीटिंगमधलं मला बाबांनी सांगितलं. आण्णासाहेबांनी आकडा वाचला, सगळे तुझ्याकडं बघायला लागले, कुणीतरी म्हणालं की आकडे तपासून घेऊ. आणि तू उठून म्हणालीस, "तपासायचं काम न्हाय. माझ्या भाचीनं मोजलंय. ती खोटं न्हाय लिहायची." बाबा मला हे कौतुकानं सांगत होते. मला माझी लाज वाटते आत्या. आंघोळ करताना वाटते, जेवताना वाटते, कुणी नुसतं "प्रीती हुशार आहे" म्हटलं तरी वाटते.

तरी सरांना सांगायची हिंमत झालेली नाही. प्रबंध रद्द होईल, वर्ष जाईल, जूनची जागा जाईल. मग मी एक पळवाट काढली. गुपचूप खरा सर्व्हे सुरू केला. म्हटलं, आधी खरं काय ते तर बघू. दोन आठवड्यांत अडतीस जणांना विचारलं, कॉलेजच्या गेटवर, बसस्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात. "रेडिओ माळरान ऐकत होता का?" अडतीसच्या अडतीस म्हणाले, नाही.

आता सगळ्यात वाईट सांगते. मला हायसं वाटलं. वाटलं, चला, खोटं लिहिलं पण खरंच निघालं, आता कुणाला सांगायची गरज नाही. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये भजी खाल्ली. तुझं भिंतीशी बोलणं खरं ठरलं आणि मी भजी खाल्ली.

हे पत्र टाकणार आहे की नाही, माहीत नाही.

प्रीती


१४ फेब्रुवारी

आत्या गं,

मागचं पत्र टाकलंच. आता हे ताबडतोब वाच. इरम्मालाही वाचून दाखव, मोठ्यानं.

परवा बसस्टँडवर अक्षरा नावाची मुलगी भेटली. शिंगोलीची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. फॉर्म भरताना कानातले इअरफोन काढायलाही तयार नव्हती. माळरान? "नाही." बरं. केबल? "नाही, मोबाइलवरच." बरं. फॉर्म संपला, पण तिची गाडी काही येईना. मग शेंगा खात इकडचं तिकडचं बोलत बसलो. तिचा भाऊ बारावीला आहे, मंगळवारी पेपर सुरू झाले. तर ती म्हणते, "औंदा घरात नुसता गोंधळ चाललाय. भावाला उठवायला कुणी नाही. त्या बाई बंद झाल्या ना."

"कोणत्या बाई?"

"त्या रेडिओतल्या. वर्षाताई."

मी म्हटलं, "अगं, आत्ता तर माळरान ऐकत नाही म्हणालीस!"

"मी कुठं ऐकते?" ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मलाच काही समजत नाही. "आई लावते. भाकरी करताना."

"मग तुझ्या कानावर पडत नाही?"

"पडतंय की. चुलीपुढंच बसलेले असतो आम्ही. पण ते आईचं असतं ना."

मी शेंगा बाजूला ठेवल्या. मी तिला विचारलं, काय काय आठवतं? आत्या, तिला सगळं येत होतं! इरम्मा हुलग्याचं माडगं कसं करते ते पार "गूळ शेवटी टाकावा, घाई करू नये" इथपर्यंत. इरम्मा मधेच कानडीत शिरली की तू "इरम्मा, मराठीत या" म्हणायचीस, तेही तुझ्याच आवाजात करून दाखवलं. शेजारचे दोन म्हातारे हसायला लागले. त्यांनाही ठाऊक होतं.

मग दोन दिवस पळापळ करून मी त्या अडतीस जणांना परत शोधलं. अजून सगळे सापडले नाहीत, एकतीस सापडले. यावेळी प्रश्न बदलला. "घरात कोण लावायचं? आणि तुम्हाला काय आठवतं?" एकतीसपैकी एकोणीस. मी नाही, आई लावते. मी नाही, आमचा चहावाला लावतो. आजी लावते, मी आपली वेणी घालत असते. एका मुलीनं सांगितलं, तू एका गुरुवारी कुण्या मुलीचा कागद वाचला होतास, शिकायचंय पण घरचे स्थळं बघतायत असा. तो तिचा नव्हता. पण तिच्या आईनं पोळी तव्यावर तशीच करपू दिली आणि पुरा कागद ऐकला. त्यानंतर तिच्या घरात स्थळाचा विषय दोन वर्षं निघाला नाही.

टीव्हीचंही तसंच आहे बघ. "मालिका? छे, आजी बघते," म्हणतात, आणि सुनेनं सासूच्या चहात काय कालवलं ते तारखेसकट सांगतात. आम्हाला वाटतं, आपल्या बोटानं लावलं तेवढंच आपण ऐकलं. बाकीचं घरातल्या वासासारखं असतं, ते कुणी फॉर्मवर लिहीत नाही. माझा प्रश्नच चुकीचा होता. आणि चुकीचा प्रश्नही मी धडपणे कुणाला विचारला नव्हता.

उपळ्याचा एक उत्कर्ष आहे, लांबलचक, मिशा फुटलेला. तो म्हणाला, "ताई, परीक्षा आल्या की त्या बाई सकाळी साडेसहाला म्हणायच्या, 'ज्यांचा आज पेपर आहे त्यांनी उठा. चूळ भरा.' मला वाटायचं, बाईंना ठावं हाय, उपळ्यात उत्कर्ष नावाचा एक आळशी हाय. आई म्हणायची, बघ, तुलाच बोलायल्यात."

आत्या, ते तर तू मला म्हणायचीस! माझ्या बारावीला. पहाटे आवरून माळरानच्या केंद्रावर जायचीस आणि जाताना माझ्या उशाशी रेडिओ बारीक आवाजात लावून जायचीस. साडेसहाला त्यातून तू उठवायचीस. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते मला एकटीलाच होतं. उत्कर्षसमोर मला रडू आलं. तो बिचारा घाबरून म्हणाला, "ताई, माझं काही चुकलं का?"

उद्यापासून बाकीच्यांना विचारते. दीडशे पुरे करणार.

तुझी,
प्रीती


२७ फेब्रुवारी

आत्या,

दीडशे झाले. सगळे खरे, दोन्ही हात साक्षीला आहेत.

आधी एक गोष्ट लपवावीशी वाटली होती, तीच पहिल्यांदा सांगते. माळरान स्वतःच्या हातानं लावणारे दीडशेत चार निघाले. म्हणजे माझा खोटा आकडा जवळजवळ बरोबरच होता. शौनकला सांगितलं तर तो म्हणाला, "मग झालं की! आता कशाला सरांकडं जातेस? मुकाट्यानं बस." एक दिवस बसलेही मुकाट्यानं. पण घरात, टपरीवर, कुणीतरी लावलंय आणि कानावर पडतंय, तुझा एक तरी शब्द आठवतोय, अशी सत्त्याऐंशी जणं निघाली. सत्त्याऐंशी गं. आणि तू तिकडं भिंत म्हणून बसली आहेस. मग सोमवारी गेले सरांकडं.

शांतलिंग सर ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती?" म्हणाले.

"एकशे एक्केचाळीस, सर."

"मी तो अहवाल तीन ठिकाणी वाचून दाखवला, प्रीती. तीन." त्यांनाही मी मान खाली घालायला लावली, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. प्रबंध रद्द झाला. पुढच्या वर्षी नव्यानं करायचा, तोही समितीनं परवानगी दिली तर. जूनची जागा शौनकला मिळाली. त्यानं पेढे दिले, मी खाल्ला एक. बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "आक्काला सांगितलंस का?" सांगितलं म्हटलं. "मग ठीक हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

आण्णासाहेबांकडंही गेले. मनात होतं की खरे फॉर्म बघितले की ते म्हणतील, चला, उघडू परत. तसं झालं नाही. केंद्रातली यंत्रं निघाली आहेत. आपल्या त्या खोलीला, जिथं तू भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले होतेस, आता गुलाबी दिवे लावलेत. तिथं रील बनवायचं शिकवतात. आण्णासाहेब म्हणाले, "बाई, उशीर केलात." मी म्हटलं, निदान मागच्या मीटिंगमधला आकडा खोटा होता असं कागदावर घ्या. ते घेतो म्हणाले, आणि माझ्यासमोर लिहून घेतलं. त्यात 'कु. प्रीती हिने खोटी माहिती भरल्याचे कबूल केले' असं आहे. त्याची झेरॉक्स सोबत जोडलीय. तुझ्या ट्रंकेत ठेव नाहीतर चुलीत घाल.

त्यापलीकडं मी तुझं काही परत आणू शकले नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. माफ कर असं म्हणत नाही. फक्त भिंतीचं तेवढं मनातून काढ.

आज सव्वासातला घंटागाडी आली. जाई म्हणाली, "तुझी आत्या." मी डबा घेऊन खाली गेले आणि तुझं सगळं बोलून होईपर्यंत गाडीमागं चालत राहिले, पार कोपऱ्यापर्यंत. गाडीवरचा माणूस म्हणाला, "ताई, कचरा टाकलाय की तुम्ही." म्हटलं, हो, टाकलाय.

रविवारी सकाळच्या गाडीनं अणदूरला येते आहे. सगळे फॉर्म घेऊन. तू दार उघडलं नाहीस तर बाहेर बसून एकेक वाचून दाखवीन, इरम्मा तरी ऐकेल.

एकच फॉर्म पत्रासोबत आधी पाठवते. ऑक्टोबरातल्या नऊ खऱ्या फॉर्मांत पहिला नंबर माझा होता. त्यावर मी निळ्या पेनानं, उजव्या हातानं, माळरानसमोर 'कधीच नाही' लिहिलं होतं. जाई शेजारी बसली होती आणि तिच्यासमोर मला रेडिओवाली व्हायचं नव्हतं. म्हणजे खरे आठच होते. तो फाडला. हा नवा:

फॉर्म क्रमांक: १

नाव (ऐच्छिक): प्रीती तात्याराव, मूळ गाव ईट

रेडिओ माळरान ऐकत होता का? नाही. आत्या लावून जायची.

काही लक्षात आहे का? "ज्यांचा आज पेपर आहे त्यांनी उठा. चूळ भरा. घाबरायचं काम न्हाय, मी हाय हितं."